आमाच्या घरची माइली

पहिले अकरा दिवस त्या घरात मला कुणी एकही काम सांगितलं नाही. सकाळी सहाला चहाचा पेला हातात यायचा, नऊला वाढलेलं ताट समोर, संध्याकाळी पाय धुवायला कढत पाणी. बाराव्या दिवशी आमानं, म्हणजे त्या घरच्या आईनं, गोठ्यातून हाक मारली, छपरावरून एक फर्सी आण म्हणून. मराठी कानाला फर्सी म्हणजे फरशीच. मी अंगणात उभी राहून पत्र्याकडे बघत राहिले. शेवटी घरातल्या धाकट्या मुलीनं, कान्छीनं, बोट दाखवलं. पत्र्यावर चढलेल्या वेलाला टेकून लाल भोपळा बसला होता. तो मी उतरवला, आमाच्या पुढ्यात ठेवला आणि मनावरचं मोठं ओझं उतरलं. त्या घरात मला आता काम होतं.

२०१८ सालच्या ऑगस्टमध्ये मी नेपाळला गेले. पुण्यात मी शाळेत गणित शिकवते. तीन महिन्यांची बिनपगारी रजा काढली आणि गोरखा जिल्ह्यातल्या एका डोंगरी गावात सामुदायिक विद्यालयात, म्हणजे सरकारी अनुदानावरच्या गावशाळेत, गणित शिकवायला स्वयंसेविका म्हणून राहिले. काठमांडूहून पोखऱ्याच्या वाटेवर मुग्लिन लागतं, पुढे आंबुखैरेनीला मुख्य रस्ता सोडला की २४ किलोमीटर चढून गोरखा बाजार. पृथ्वीनारायण शाह यांचा जन्म इथलाच, १७२३ चा. त्यांचा जुना दरबार वर कड्यावर आहे. तिथून पुढे जीप जाते, पण पावसाळ्यात ‘पहिरो’ येतो, म्हणजे दरड कोसळते. मी पोचले त्या दिवशी रस्ता बंद होता. सामान पाठीला लावून तीन तास चालले. दोन्ही पोटऱ्यांना जळवा लागल्या होत्या. त्यांना तिथे ‘जुका’ म्हणतात. ज्या बाईनं अंगणात बसवून, मीठ लावून एकेक जळू काढली, तीच माझी आमा.

घरात तिघंच. आमा पन्नाशीची, बा साठी ओलांडलेले आणि धाकटी मुलगी आठवीत. थोरली नदीपलीकडच्या गावात दिलेली. मुलगा कतारला, बांधकामावर. नेपाळात मुलांना नावानं कमी आणि क्रमानं जास्त हाक मारतात. पहिला जेठो, दुसरा माइलो, तिसरा साइंलो आणि शेंडेफळ कान्छो, तसंच मुलींचं जेठी, माइली, साइंली, कान्छी. या घरात मुली दोनच, म्हणून एक जेठी, दुसरी कान्छी.

मुलगा दूर देशी आणि घर त्याच्या पैशावर, हे मला समजावून सांगावं लागलं नाही. मी मूळची चिपळूणकडची. मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चुली पेटलेली गावं मी पाहिली आहेत. नेपाळच्या अर्थव्यवस्थेत परदेशातून येणाऱ्या पैशाचा वाटा जवळपास चौथा हिस्सा आहे. पण गावात तो आकडा वेगळ्या रूपात दिसतो. तरणे पुरुष दिसतच नाहीत. छप्पर शाकारायला, मयत उचलायला माणसं शेजारच्या वाडीतून बोलवावी लागतात. बा स्वतः तरुणपणी अकरा वर्षं दादरला एका इमारतीत रखवालदार होते. मी महाराष्ट्रातली हे कळल्यावर त्यांनी बराच वेळ आठवून, एकेक शब्द जोडत मराठीत विचारलं, “जेवलीस का?” परक्या मुलखात, पहिल्याच रात्री ते ऐकून माझे डोळे भरून आले.

घर म्हणजे दोन घरं होती. एक जुनं, दगडमातीचं, वरचा मजला गेलेलं. खाली आता म्हैस बांधत. दुसरं नवं, दोन खोल्यांचं, सिमेंटचं, पत्र्याचं. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाचं केंद्र याच जिल्ह्यात उत्तरेला, बारपाकला होतं. तीव्रता ७.८. देशभरात जवळजवळ ९,००० माणसं गेली. वेळ सकाळी ११ वाजून ५६ मिनिटं आणि वार शनिवार. नेपाळात तेव्हा आठवड्याची सुट्टी शनिवारची होती, रविवारी शाळा भरे. माझ्या शाळेच्या चार वर्गखोल्या त्या दिवशी जमीनदोस्त झाल्या आणि आत एकही मूल नव्हतं. गावात शनिवारचा उल्लेख निघाला की आजही बायका हात जोडतात.

नव्या घरासाठी सरकारचं अनुदान होतं ३ लाख नेपाळी रुपयांचं, तीन हप्त्यांत: आधी ५० हजार, मग दीड लाख, मग १ लाख. पुढच्या प्रत्येक हप्त्याआधी अभियंता येऊन तपासायचा. भारतीय पैशात ही रक्कम दोन लाखांच्याही आत, कारण १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी होतात. तेवढ्यात सगळं कुटुंब मावेल असं घर होत नाही. म्हणून लोकांनी नियमात बसतील एवढ्या एक-दोन खोल्या उभ्या केल्या आणि स्वयंपाकघर बाहेर टहऱ्यातच, म्हणजे पत्र्याच्या खोपटात राहिलं. आमाची चूलही तिथेच. मला निजायला नव्या घरातली एक खोली दिली होती. दुसरीत बा. आमा आणि कान्छी टहऱ्यात चुलीशेजारी निजत. हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. मी खोली सोडते म्हटलं तर आमानं ऐकलं नाही. शेवटी कान्छीला माझ्या खोलीत घेतलं, एवढ्यावर तडजोड झाली.

परदेशी कुटुंबात राहून सेवा करायची हौस असलेल्यांना मला हीच एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. शाळेत तुम्ही काय देता ते लोकांना दिसतं. तुमच्यासाठी त्या घरातली बाई पहाटे अर्धा तास आधी उठते, एक घागर जास्त आणते, एक भारा सरपण जास्त तोडते, ते कुठल्याही हिशेबात येत नाही. ज्या संस्थेमार्फत मी गेले, तिला मी दिवसाच्या मुक्कामाचे पैसे देत होते. त्यातले निम्म्याहूनही कमी आमापर्यंत पोचत होते. विचारल्यावर कळलं. पुढच्या महिन्यापासून मी घरखर्च थेट आमाच्या हातात दिला. जाण्याआधी हा प्रश्न विचारलाच पाहिजे: माझा स्वयंपाक कोण करणार आणि तिला काय मिळणार?

पाण्याचंच घ्या. भूकंपानंतर डोंगरातले पुष्कळ झरे आटले, काही खाली सरकले. गावाचं जुनं ‘मूळ’, म्हणजे झरा, घरापासून पाच मिनिटांवर होतं. नवा ‘धारा’, म्हणजे पाणवठा, वीस मिनिटं उतारावर, परतताना चढण. पाणी, गवत, लाकूड, सगळं डोक्यावरून नाही, कपाळावरून वाहतात. डोको म्हणजे शंकूसारखी विणलेली बांबूची टोपली पाठीवर, आणि नाम्लो म्हणजे तिच्या बुडाखालून घेतलेला पट्टा कपाळावर. सगळा भार मानेवर येतो. म्हशीसाठी गवत आणायला मी आमाबरोबर पहिल्यांदा गेले, तेव्हा तिनं माझा डोको अर्धाच भरला आणि पट्टा कुठे बसवायचा ते बोटांनी दाखवलं: केस संपतात तिथून जरा मागे, कपाळाच्या मधोमध नव्हे. पुढे झुकायचं, नजर आपल्या पावलांपासून दोन हातांवर ठेवायची, बोलायचं नाही. ती चाळीस किलोच्या आसपास उचलत असावी. माझ्या वाट्याच्या अर्ध्या डोकोनं मला दोन दिवस मान वळवता आली नाही.

खाण्याची वेळ आपल्यापेक्षा निराळी. सकाळी सहाला नुसता चहा. मग शेणगोठा, गवत, पाणी. नऊच्या सुमाराला पोटभर डाळभात. दहा ते चार शाळा. मधे ‘खाजा’, म्हणजे भाजलेला मका किंवा चिउरा, आपले पोहे. संध्याकाळी सातला पुन्हा डाळभात. रस्त्यात भेटलेला माणूस “कसे आहात” विचारत नाही, “भात खाल्लात?” विचारतो. उत्तर हो असलं की सगळं ठीक आहे.

आमच्या डोंगराला भात कमी आणि कोदो जास्त. या कोदोनं मला प्रथम फसवलं, कारण आपल्याकडे कोद्रा वेगळा. नेपाळचा कोदो म्हणजे आपली नाचणी. श्रावणात उभ्या मक्याच्या ओळींमधून तिची रोपं लावतात. भादव्यात मका काढला की मागे नाचणीचं रान मोकळं. कोकणातल्या वरकस जमिनीवर आम्ही हेच पीक घेतो, तेही लावूनच. त्याचा करतात ढिंडो. लोखंडी कढईत पाण्याला आधण आलं की एका हातानं पीठ सोडायचं, दुसऱ्या हातातल्या लाकडी दाबिल्यानं घोटत राहायचं. सुरुवातीला सोपं वाटतं. पीठ आवळत जातं तसा दाबिला हलेनासा होतो. तेव्हा आमा कढईचा कान पायानं दाबून धरायची आणि दोन्ही हातांनी घोटायची. तळाला सुटलं, वर चकाकी आली की झालं. बोटांनी गोळा तोडायचा, गुंद्रुकच्या रश्शात बुडवायचा आणि न चावता गिळायचा. गुंद्रुक म्हणजे मोहरीचा किंवा मुळ्याचा पाला दाबून आंबवलेला, मग कडक उन्हात वाळवलेला. डोंगरात भाजी नसते त्या महिन्यांची बेगमी. सोबत सिलौट्यावर वाटलेलं टोमॅटोचं अचार. ते लोणचं नव्हे, ताजी चटणी. तिच्यात टिमुर. पहिला घास घेतला आणि जीभ बधिर होऊन झिणझिण्या आल्या. ओळखीची चव होती. टिमुर आपल्या तिरफळाच्याच कुळातला. बांगड्याच्या आमटीत तिरफळं टाकणाऱ्या माझ्या आजीला तो एका वासात कळला असता.

तरी भाषेनं शेवटपर्यंत परीक्षा घेतली. लिपी एकच, त्यामुळे वाचता सगळं येतं आणि अर्थ निसटतो. ‘मिठो’ म्हणजे चवदार, मला मात्र प्रत्येक वेळी मीठ जास्त झालं असं वाटे. ‘भोलि’ म्हणजे उद्या. ‘लुगा’ म्हणजे कपडे, यात मात्र आपलं लुगडं लगेच दिसतं. ‘माइती’ म्हणजे माहेर. गणिताच्या पुस्तकातले शब्द मला रात्री बसून पाठ करावे लागले. अपूर्णांकाला भिन्न, दशांशाला दशमलव, काटकोनाला समकोण, आपल्या एकमान पद्धतीला ऐकिक नियम. पहिला आठवडा कान्छीनं माझा तास घेतला असंच म्हणायला हवं.

वर्ग बांबू आणि पत्र्याचे होते. भादव्यातला पाऊस त्या पत्र्यावर उतरला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. इतर शिक्षक अशा वेळी थांबत. मी एक गणित फळ्यावर लिहायची आणि खडू पहिल्या बाकावर द्यायची. ज्याला पुढची पायरी येईल त्यानं उठून तेवढीच लिहायची आणि खडू पुढे द्यायचा. चूक दिसली तर पुढच्यानं पुसून दुरुस्त करायची. बोलणं बंद असल्यानं हुशार मुलांचा आवाज वर चढत नसे. तीन आठवड्यांनी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. ती वर्गात कधी बोलली नव्हती. तिनं वर्गमुळाची अख्खी मांडणी पुसली आणि नीट करून लिहिली. मी त्या तीन महिन्यांत शाळेला काय दिलं असं कुणी विचारलं तर मी पावसातल्या त्या तासांकडे बोट दाखवीन. दसऱ्या-दिवाळीची नेपाळातली सुट्टी चांगली लांब असते. शिकवण्याचे दिवस त्यामुळे हाती कमीच येतात, हेही जाणाऱ्यानं आधीच धरून चालावं.

१२ सप्टेंबरला तीज आली. भाद्रपद शुद्ध तृतीया, म्हणजे आपली हरितालिकाच. आदल्या रात्री ‘दर’ खातात, कारण दुसऱ्या दिवशी पाण्याचा थेंबही नाही. जेठी माहेरी आली. लाल साड्या, हिरव्या मण्यांच्या माळा, अंगणात नाच आणि गाणी. त्या गाण्यांत बाया सासूचं, नवऱ्याचं, न आलेल्या पत्राचं सगळं भर अंगणात सांगून टाकतात आणि त्या दिवशी कुणी त्यांना अडवत नाही. आमच्या मंगळागौरीच्या जागरणाची आठवण झाली. दुसऱ्या दिवशी गणेशचतुर्थी. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या दिवशी घरापासून लांब होते. आमाला सांगितलं, तर ती बांधावर गेली आणि ‘दुबो’ घेऊन आली. दूर्वा! भिंतीवरच्या पंचांगात गणपतीचं चित्र होतं, त्याला त्या वाहिल्या.

तिसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. बायका नदीवर जाऊन दतिवनच्या ३६५ काड्यांनी दात घासून स्नान करतात. दतिवन म्हणजे आघाडा, आणि पाळीच्या दिवसांत नकळत झालेल्या ‘दोषा’च्या निवारणाचं हे व्रत. माझी आजी हेच करायची, याच काडीनं. त्या घरात पाळी आली की बाई ‘पर सरते’: चार दिवस चुलीपाशी जायचं नाही, पाण्याला हात लावायचा नाही, निजणं वेगळं. पश्चिमेकडच्या जिल्ह्यांत बायकांना गोठ्यात धाडायची छाउपडी नावाची रीत आहे. त्यात साप चावून, धुरानं घुसमटून बायका मेल्या आहेत. मी पोचले त्याच ऑगस्टमध्ये छाउपडीला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ३,००० रुपये दंड ठरवणारा कायदा लागू झाला. आमच्या गावात गोठा नव्हता, पण उंबरठा होता. मला हे पटत नाही. तरी मी तो पाळला, कारण चूल आमाची होती. पण कान्छीनं रात्री अंधारात विचारलं, “तुमच्याकडे?” तेव्हा मी खरं ते सांगितलं. आजी बसायची. आईनं एके दिवशी बसणं थांबवलं आणि काहीही झालं नाही. कान्छी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, आईला एकदम सांगू नकोस, मी सांगेन.

भारतीय म्हणून मला दोन गोष्टींचं उत्तर द्यावं लागलं. पहिली २०१५ ची ‘नाकाबंदी’. सप्टेंबरपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत सीमेवरून गॅस, इंधन, औषधं जवळपास थांबली. आपल्या सरकारनं नाकेबंदी केल्याचं नाकारलं, तिथे मात्र कुणाच्याही मनात शंका नाही. भूकंपाला पाच महिने झाले होते. आमानं तो हिवाळा पडलेल्या घराचे वासे जाळून काढला. हे तिनं रागानं सांगितलं नाही, म्हणून जास्त लागलं. दुसरी गोष्ट पत्र्याच्या पेटीत होती. बांनी दादरहून आणलेल्या पैशातल्या पाचशेच्या चार जुन्या नोटा, फडक्यात बांधलेल्या. २०१६ च्या नोटाबंदीत त्या रद्द झाल्या. नेपाळातल्या घराघरांत अशा नोटा अडकून पडल्या. “तुझ्या देशात चालतील का?” आमानं विचारलं. मी नाही म्हटलं. तिनं त्या पुन्हा फडक्यात बांधल्या आणि पेटीत ठेवल्या.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी ढग उठले. दोन महिने ज्या दिशेला मी नुसता पांढरा काळोख पाहिला होता, तिथे मनास्लु, हिमालचुली आणि बौद्ध हिमाल एका ओळीत उभे होते. मनास्लुची उंची ८,१६३ मीटर. मी हातातली बादली खाली ठेवली. आमानं एकदा तिकडे पाहिलं आणि मका वाळत घालायला चटया बाहेर काढल्या.

दशैंचा, म्हणजे तिथल्या दसऱ्याचा, घट बसला. अंधाऱ्या कोपऱ्यात जवाचे कोंब वाढवतात, उजेड नसल्यानं ते पिवळेजर्द येतात. त्यांना जमरा म्हणतात. आपल्या घटावरचं धान्य आणि हे एकच. दशमीला, १९ ऑक्टोबरला, घरातली मोठी माणसं धाकट्यांच्या कपाळी तांदूळ, दही आणि अबीर कालवलेला जाडसर टिका लावतात आणि कानामागे जमरा खोवतात. वयाच्या क्रमानं बसायचं असतं. जेठी उठली, नमस्कार करून बाजूला झाली. मी कान्छीच्या मागे, पाहुणी म्हणून शेवटी बसले होते. बांनी ताट हातात धरून वाट पाहिली. आमानं वळून हाक मारली, “ए माइली, तिमी आऊ!” इतके दिवस ती मला ‘तपाईं’, म्हणजे तुम्ही, म्हणत होती. त्या दिवशी जवळिकीचं ‘तिमी’ झालं, आणि जेठी-कान्छीच्या मधली जागा भरली. मी उठून कान्छीच्या पुढे जाऊन बसले.

त्यानंतर कामं भराभर येऊ लागली. डाळ निवडणं, म्हशीला पाणी, जेठीच्या बाळाला तेल लावणं. मी पुरुषांबरोबर आधी जेवायचं सोडलं आणि आमा-कान्छीबरोबर शेवटी बसू लागले. तिहारात, म्हणजे दिवाळीत, भाइटिकेला, आपल्या भाऊबीजेला, मखमली आणि सयपत्रीच्या, म्हणजे झेंडूच्या, माळा केल्या. कतारच्या भावाला कान्छीनं फोनवरच ओवाळलं. आमा त्याच्या तोंडाकडे न बघता पडद्याच्या कोपऱ्यातल्या त्याच्या खोलीकडे बघत होती: गादी कशी आहे, पंखा आहे का.

नोव्हेंबरच्या मध्याला नाचणी कापणीला आली आणि माझी रजा संपली. निघायच्या सकाळी मी अंधारात उठले. रोज पहिलं काम चूल लिंपण्याचं. आदल्या रात्रीची राख काढायची, लाल माती आणि शेणाचा काला करायचा आणि चूल व तिच्यापुढची जमीन सारवून घ्यायची. त्याशिवाय विस्तव पेटत नाही. हे काम आमानं कधी कुणाला दिलं नव्हतं. त्या दिवशी तिनं काल्याचं भांडं माझ्यापुढे सरकवलं आणि दारात बसली. आजीच्या पडवीत शिकलेला हात मी फिरवला, आतून दाराकडे, अर्धगोलात, मागे पाऊल न उमटेल असा. झाल्यावर ती आत आली. उजव्या कोपऱ्यात वीतभर जागा कोरडी राहिली होती. तिनं काही न बोलता बोटं भिजवून ती सारखी केली, हात धुतले आणि चहाचं आधण ठेवलं.